न बोलणाऱ्यांची हिस्टरी

बालरोगतज्ज्ञाकडे येणारा रुग्ण आपली तक्रार स्वतःच्या तोंडाने सांगत नाही. सहा महिन्यांचे बाळ ‘माझे पोट दुखते’ असे म्हणत नाही. ते दूध सोडते, पाय पोटाशी घेते, मुठी आवळते, रात्री दचकून उठते. त्याची आई म्हणते, ‘डॉक्टर, हा आज नेहमीसारखा नाही.’ आमच्या शाखेत या एका वाक्याचे मोल रक्ताच्या अनेक तपासण्यांहून अधिक आहे. ‘नेहमीसारखा’ म्हणजे कसा आणि आज त्यात काय बदलले, हे शोधण्यातच निम्मे निदान दडलेले असते.

आपल्या अनेक घरांत आज असा आणखी एक सदस्य आहे, ज्याला बोलता येत नाही. एके काळी वाड्याच्या अंगणात राहणारे कुत्रे आणि माळ्यावर उंदीर धरणारे मांजर आता तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरील दोन-तीन खोल्यांच्या सदनिकेत आपल्यासोबत राहते. त्याला उत्तम खाणे मिळते, लस मिळते, वाढदिवसाला केकही मिळतो. परंतु त्याचे मन स्वस्थ आहे का, हा प्रश्न आपल्या घरांत क्वचितच विचारला जातो. ‘जनावराला कसला आलाय ताण?’ असे म्हणून विषय हसण्यावारी नेला जातो. मी पशुवैद्य नाही आणि त्यांच्या क्षेत्रात उपचार सांगण्याचा मला अधिकारही नाही. परंतु बोलता न येणाऱ्या रुग्णांची हिस्टरी घेण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला या विषयात काही सांगण्यासारखे आहे असे वाटते. शिवाय या ताणाची किंमत कित्येकदा घरातील लहान मूल मोजते, आणि तेव्हा हा विषय सरळ माझ्या ओपीडीत येतो.

ताणाचे शास्त्र आणि त्यांचे ऋण

‘लढा किंवा पळा’ ही शरीराची प्रतिक्रिया आपण सर्व वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्याच वर्षी शिकलो. हे ज्ञान आले कोठून, याचा मात्र आपल्याला विसर पडतो. हार्वर्डचे वॉल्टर कॅनन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, नुकत्याच सापडलेल्या क्ष-किरणांच्या साहाय्याने मांजरांच्या जठराची हालचाल पाहत होते. मांजर शांत असताना जठरातील लाटा संथपणे चालत. ते घाबरले अथवा चिडले की त्या थांबत. पुढे १९११ मध्ये कॅनन आणि द ला पाझ यांनी मांजरासमोर भुंकणारा कुत्रा आणून, त्या भयाने मांजराच्या रक्तात अ‍ॅड्रेनल ग्रंथीचा स्राव उतरतो, हे दाखवून दिले. १९२४ मध्ये लेनिनग्राडला मोठा पूर आला, तेव्हा पावलोव्ह यांच्या प्रयोगशाळेतील कुत्री पिंजऱ्यांत पाण्याने वेढली गेली. त्यांना वाचविण्यात आले. परंतु त्यांतील काही कुत्री नंतर शिकविलेले सारे विसरून गेल्यासारखी वागू लागली. १९६७ मध्ये सेलिग्मन आणि मायर यांनी दाखविले, की ज्या कुत्र्यांना टाळता न येणारे विजेचे धक्के मिळाले होते, ती पुढे सुटकेची वाट मोकळी असूनही जागची हलत नव्हती. मनुष्याच्या नैराश्यासंबंधीच्या एका महत्त्वाच्या विचाराचा पाया या कुत्र्यांच्या निश्चल बसण्यावर उभा आहे.

थोडक्यात, ताण म्हणजे काय हे आपल्याला कुत्र्या-मांजरांनी शिकविले, तेही आपल्या देहाने. हायपोथॅलॅमस, पिट्युटरी आणि अ‍ॅड्रेनल यांची जी साखळी आपल्यात आहे, तीच त्यांच्यात आहे. म्हणून ‘जनावराला कसला ताण’ हा प्रश्न शास्त्राच्या दृष्टीने शंभर वर्षांपूर्वीच निकालात निघालेला आहे. उरतो तो ओळखण्याचा प्रश्न.

‘कधीच चावला नाही’ असे सांगितलेला कुत्रा

काही वर्षांपूर्वी चार वर्षांच्या एका मुलीला तिचे आईवडील घेऊन आले. घरच्याच लॅब्राडोरने तिच्या गालाचा चावा घेतला होता. ‘सहा वर्षांत हा कोणाला कधीच चावला नाही, आणि आज अचानक’ असे वडील पुन्हा पुन्हा सांगत होते. जखम साबणाने पंधरा मिनिटे धुणे, चेहऱ्यावरील चावा म्हणून जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, लसीचे वेळापत्रक आणि कुत्र्यावर दहा दिवस देखरेख हे सर्व रीतसर झाले. पुढच्या भेटीत निवांतपणे हिस्टरी घेतली, तेव्हा ‘अचानक’ हा शब्द हळूहळू विरघळत गेला.

दोन महिन्यांपूर्वी घरात धाकटे बाळ आले होते. कुत्र्याचे अंथरूण हॉलमधून गॅलरीत गेले होते. संध्याकाळचा फेरफटका बंद झाला होता. थोरल्या मुलीकडे आता सर्वांचे लक्ष कमी, म्हणून ती दिवसभर कुत्र्याच्या गळ्यात पडे. तेव्हा तो तोंड फिरवी, ओठ चाटी, उठून दुसरीकडे जाऊन बसे. ती तेथेही जाई. एकदा तो गुरगुरला. त्यासाठी त्याला मार बसला. त्यानंतर तो गुरगुरेनासा झाला, आणि घरच्यांना वाटले, बरे झाले, शिस्त लागली. पशुवैद्यांनी तपासले तेव्हा त्याच्या एका कानात जुना, दुखरा संसर्ग निघाला. त्या कानावरून ती मुलगी रोज प्रेमाने हात फिरवीत होती.

वैद्यकीय भाषेत सांगायचे तर त्या कुत्र्याने किमान सात-आठ वेळा तक्रार नोंदविली होती. शेवटची नोंद तेवढी सर्वांना दिसली. कुटुंबाने त्याला गावाबाहेर सोडून देण्याचे ठरविले होते. तसे झाले नाही. कानावर उपचार झाले, अंथरूण हॉलच्या शांत कोपऱ्यात परत आले, फेरफटका सुरू झाला, बाळाच्या खोलीच्या दाराला लहानशी जाळी बसली आणि मोठे माणूस जवळ असल्याशिवाय मुले व कुत्रा एकत्र ठेवायचे नाहीत, हा घरचा नियम झाला. मुलीची जखम भरली आणि कुत्राही घरातच राहिला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार रेबीजचा संशय असलेले प्राणी ज्यांना चावतात, त्यांतील सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालील मुले असतात. रस्त्यावरील कुत्र्यांचा प्रश्न मोठा आहे आणि तो येथे एका परिच्छेदात सुटणारा नाही. परंतु ओळखीच्या, घरातल्या किंवा शेजारच्या कुत्र्याने घेतलेले चावे लहान मुलांत कमी नाहीत, आणि उंचीमुळे ते चेहऱ्यावर व मानेवर येतात. हे चावे बऱ्याच अंशी टाळता येण्याजोगे आहेत. त्यासाठी कुत्रा काय सांगतो आहे, हे वाचता आले पाहिजे.

कुत्र्याची भाषा : एक शिडी

ब्रिटिश पशुवैद्य केंडल शेफर्ड यांनी या भाषेची एक शिडी मांडली आहे, आणि ती प्रत्येक घराच्या भिंतीवर लावावी अशी आहे. तळच्या पायऱ्यांवर अगदी सौम्य खुणा आहेत: झोप आलेली नसताना जांभई, पापण्यांची उघडझाप, नाक चाटणे, तोंड फिरविणे. कोणी लक्ष दिले नाही तर कुत्रा अंग फिरवितो, खाली बसतो, पंजा उचलतो, दूर निघून जातो. तेही जमले नाही तर कान मागे पाडून दबकत चालणे, शेपूट पायांत घालून अंग चोरून उभे राहणे, पाठीवर पडून पाय वर करणे. (ही शेवटची खूण पुष्कळांना पोट खाजविण्याचे आमंत्रण वाटते. ताणलेल्या कुत्र्याच्या बाबतीत तिचा अर्थ ‘मला सोडा’ असा असतो.) त्यानंतर अंग ताठ करून टक लावून पाहणे, मग गुरगुरणे, मग हवेत तोंड मारणे आणि सर्वांत वरच्या पायरीवर चावा.

या शिडीवरून दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली, गुरगुरणे हा गुन्हा नव्हे. ती सूचना होय. गुरगुरण्याबद्दल शिक्षा करणे म्हणजे आगीची घंटा वाजते म्हणून घंटा काढून टाकणे. ज्या कुत्र्याला खालच्या पायऱ्यांवर मार बसतो, तो त्या पायऱ्या गाळून थेट वर जातो, आणि मग आपण त्याला ‘अचानक’ म्हणतो. दुसरी, ही भाषा लहान मुलांना आपोआप येत नाही. इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठात केर्स्टिन माइंट्स यांनी केलेल्या अभ्यासांत असे दिसले, की लहान मुले दात विचकलेला कुत्रा पाहून तो हसतो आहे, आनंदात आहे, असे समजतात. हसणारा चेहरा म्हणजे दात दाखविणारा चेहरा, हे माणसांकडून शिकलेले समीकरण ते कुत्र्याला लावतात. शिकवले तर मुलांना हा फरक कळतो, हेही त्याच अभ्यासांत दिसले. तेव्हा शिकविण्याची जबाबदारी आपली आहे.

ताणाच्या काही खुणा दिवसांच्या हिशेबाने वाचाव्या लागतात. भूक मंदावणे, सतत येरझाऱ्या, पुढचा पाय एकाच जागी चाटून चाटून तेथील केस जाणे, ऊन नसताना धापा टाकणे, वारंवार पातळ शौच, शिकलेला कुत्रा घरात लघवी करू लागणे, छोट्याशा आवाजाने दचकणे या त्या खुणा. आपल्या माळव्यातील उन्हाळ्यात हस्की किंवा सेंट बर्नार्डसारखी थंड प्रदेशांतील, दाट केसांची कुत्री पाळली जातात. त्यांच्या धापा टाकण्यामागे ताण आहे की उष्माघाताची सुरुवात, हे पाहण्यात वेळ घालवू नये. थंड जागा, पाणी आणि पशुवैद्य, हा क्रम ठेवावा.

आधी दुखणे शोधावे

मूल चिडचिडे झाले तर आपण प्रथम कान, घसा, पोट पाहतो. ‘हट्टी आहे’ हे निदान शेवटी ठेवतो. प्राण्यांच्या बाबतीतही हाच क्रम असावा. लिंकन विद्यापीठाचेच डॅनिअल मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये केलेल्या आढाव्यानुसार, वागणुकीच्या तक्रारींसाठी तज्ज्ञांकडे पाठविलेल्या प्राण्यांपैकी किमान एक तृतीयांशांत कोठेतरी दुखणे दडलेले असते, आणि काही ठिकाणी हे प्रमाण याहून पुष्कळ अधिक आढळते. सांधेदुखी, दातांचे व हिरड्यांचे आजार, कानाचा संसर्ग, त्वचेची खाज ही नेहमीची कारणे. म्हणून वागणूक बदलली की पहिली भेट पशुवैद्यांची. आपल्या इंदूरपासून महू जवळ आहे आणि तेथे १९५५ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, ही आपल्या शहराची मोठीच सोय म्हटली पाहिजे.

तीन कारणे, जी घरातच असतात

पहिले कारण आवाजाचे. मनुष्याला साधारणतः २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. कुत्र्याला सुमारे ४५ हजारांपर्यंत आणि मांजराला ६० हजारांच्याही वर. आपल्या शहरातील अनंत चतुर्दशीच्या झाँकींची रात्र किंवा रंगपंचमीची गेर आपल्यासाठी उत्सव आहे, पलंगाखाली थरथरणाऱ्या जिवासाठी ते केवळ न संपणारे भय आहे. दिवाळीच्या फटाक्यांचे तर विचारूच नये. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत आवाजाच्या फटाक्यांना मनाई केली, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये दिवाळीला रात्री आठ ते दहा हे दोनच तास ठरवून दिले. आदेशाचे पालन किती होते, हे आपण सर्व जाणतो. तेव्हा घरच्या घरी तयारी हवी. संध्याकाळ होण्यापूर्वी कुत्र्याला फिरवून आणावे, आतल्या खोलीत पडदे ओढून पंखा किंवा दूरदर्शनचा आवाज चालू ठेवावा, पट्ट्याला दूरध्वनी क्रमांकाची पट्टी लावावी. कारण घाबरलेली कुत्री दार उघडे मिळताच पळतात आणि हरवतात. ते जेथे लपेल तेथून ओढून काढू नये. त्याला जवळ घेतल्याने भीती ‘वाढते’ असा एक समज आहे. भीती ही भावना आहे, खोड नव्हे. घाबरलेल्या मुलाला कुशीत घेतल्याने जसे त्याचे भय वाढत नाही, तसेच येथेही. ज्यांना दीर्घकालीन उपाय हवा, त्यांनी श्रावणापासूनच फटाक्यांचा ध्वनिमुद्रित आवाज अगदी हळू लावून, त्याच वेळी आवडता खाऊ द्यावा आणि कुत्रा निवांत राहील इतपतच, आठवड्या-आठवड्याने आवाज वाढवावा.

दुसरे कारण विरहाचे. बुडापेस्टच्या योझेफ टोपाल आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मेरी एन्सवर्थ यांची सुप्रसिद्ध ‘अनोळखी परिस्थिती’ची चाचणी, जी आई व मुलाचा बंध तपासण्यासाठी वापरली जाते, ती कुत्रा व त्याचा मालक यांच्यावर वापरली. कुत्र्यांचे वर्तन पुष्कळ अंशी लहान मुलांसारखेच दिसले: मालक असता धीटपणे फिरणे, तो जाताच दाराशी घुटमळणे, तो येताच धाव घेणे. २०२० च्या टाळेबंदीत घराघरांत आणलेल्या पिल्लांनी माणसांनी भरलेले घरच पाहिले होते. पुढे सर्व जण कामावर गेल्यावर त्यांतील कित्येकांनी दारे ओरबाडली, शेजाऱ्यांची झोप घालविली. पाळणाघरात मूल घालताना आपण पहिल्या दिवशी दहा मिनिटे, दुसऱ्या दिवशी अर्धा तास असा सराव करतो. तोच येथे करावा.

तिसरे कारण चुकीच्या सुरुवातीचे. स्कॉट आणि फुलर यांनी आपल्या दीर्घ संशोधनातून १९६५ मध्ये मांडले, की पिल्लाच्या तिसऱ्या ते साधारण बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ जगाशी ओळख होण्याचा असतो. या काळात जे भेटले नाही, त्याची पुढे भीती वाटते. आपल्याकडे चार-पाच आठवड्यांची पिल्ले आईपासून तोडून विकली जातात, कारण ती ‘गोजिरी’ दिसतात. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांखालील पिल्लू विकण्यास मनाई आहे. पिल्लू घेणाऱ्यानेच हा प्रश्न विचारला, तर नियम कागदावर राहणार नाही.

मांजर : मौनातील रुग्ण

कुत्रा ताण दाखवितो, मांजर तो लपविते. मांजर स्वतः शिकारी आहे आणि मोठ्या प्राण्यांचे भक्ष्यही. दुबळेपण उघड करणे त्याच्या जातीला परवडलेले नाही. म्हणून मांजराची हिस्टरी ‘काय करते’ यापेक्षा ‘काय करीनासे झाले’ यावरून घ्यावी लागते. खिडकीच्या कठड्यावर उडी मारीनासे झाले, दाराशी येईनासे झाले, अंगाची स्वच्छता सोडली, किंवा उलट पोटावरचे केस चाटून चाटून टक्कल पाडले, मातीची पेटी सोडून गादीवर लघवी केली, तर ते सूड घेत नाही. ते आजारी किंवा अस्वस्थ आहे. घुरघुरणे म्हणजे नेहमी समाधानच, असेही नाही. दुखत असतानाही मांजर घुरघुरते. माँट्रियल विद्यापीठात २०१९ मध्ये मांजराच्या वेदनेचे मोजमाप चेहऱ्यावरून करण्याची पद्धत तयार झाली. कानांची ठेवण, डोळे मिटल्यासारखे आकसणे, तोंडाचा ताठरपणा, मिशांची दिशा आणि मान खाली जाणे अशा पाच खुणा त्यात पाहतात. नवजात शिशूची वेदना आपण चेहऱ्यावरून मोजतो, त्याचाच हा भाऊबंद.

या विषयात ओहायो राज्य विद्यापीठाचे टोनी बफिंग्टन यांचे काम डॉक्टरांनी आवर्जून जाणून घ्यावे असे आहे. मांजरांना वारंवार होणारा, जंतूंशिवायचा मूत्राशयदाह हा आजार त्यांनी ताणाशी जोडून दाखविला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा ४६ मांजरांच्या घरातील परिस्थिती, म्हणजे लपण्याची जागा, खेळ, पेट्यांची मांडणी, इतर प्राण्यांशी संबंध, सुधारून त्यांनी दहा महिने निरीक्षण केले, आणि मूत्राशयाच्या लक्षणांबरोबर मांजरांची भीती व अस्वस्थताही कमी झालेली आढळली. २०११ च्या दुसऱ्या अभ्यासात त्यांच्या चमूने ३२ मांजरांवर ७७ आठवडे लक्ष ठेवले. खाण्याची वेळ, सांभाळणारा माणूस, रोजचा क्रम यांत बदल होताच आजारी मांजरेच नव्हे, तर धडधाकट मांजरेही उलट्या करू लागली, अन्न टाळू लागली, पेटीबाहेर जाऊ लागली. मोठ्या माणसाच्या ‘इरिटेबल बॉवेल’शी आपला परिचय आहे, त्याचे हे चार पायांचे रूप समजावे.

एक गोष्ट मात्र ताण म्हणून सोडून देऊ नये. बोका वारंवार पेटीत बसतो, कुंथतो, ओरडतो आणि लघवीचा थेंब येत नाही, तर मूत्रमार्ग बंद झालेला असू शकतो. रक्तातील पोटॅशियम वाढून तो एक-दोन दिवसांत दगावू शकतो. ही रात्री-अपरात्री पशुवैद्यांना उठविण्याची वेळ होय. तसेच मांजराने दोन दिवस अन्नाला तोंड लावले नाही, तर ‘भूक लागली की खाईल’ म्हणून थांबू नये. उपासाने त्याच्या यकृतात चरबी साठून गंभीर आजार होतो.

मांजराच्या शांततेसाठी फार खर्च लागत नाही. नेदरलँड्समधील उट्रेख्ट विद्यापीठात २०१४ च्या अभ्यासात, निवाऱ्यात नव्याने आलेल्या ज्या मांजरांना लपण्यासाठी साधे खोके दिले, त्यांचा ताण खोके नसलेल्यांपेक्षा लवकर उतरला. पुठ्ठ्याचा एक खोका आणि कपाटावरची एक रिकामी जागा एवढ्याने सुरुवात होते. जितकी मांजरे, त्याहून एक पेटी जास्त आणि त्या वेगवेगळ्या ठिकाणी; पाणी खाण्यापासून दूर; दवाखान्यात न्यायची टोपली वर्षभर उघडी, मऊ फडके घालून खोलीतच. मांजराकडे टक लावून पाहू नये. त्याच्याकडे पाहून हळूच डोळे मिटावे आणि उघडावे. ससेक्स विद्यापीठाच्या २०२० च्या अभ्यासात, असे करणाऱ्या अनोळखी माणसाकडेही मांजरे अधिक सहजपणे आली.

औषधांविषयी दोन शब्द

हे दोन शब्द विशेषतः डॉक्टरांच्या घरांसाठी आहेत, कारण औषधांचे कपाट आपल्याच घरात भरलेले असते. क्लोरॅम्फेनिकॉलमुळे नवजात बालकांत होणारा ‘ग्रे बेबी सिंड्रोम’ आपण शिकलो. यकृतातील ग्लुकुरोनिडेशनची अपरिपक्वता हे त्याचे कारण. मांजरात हा मार्ग अनेक औषधांसाठी जन्मभर दुबळाच राहतो. त्यामुळे पॅरासिटामॉलची लहान मुलांची मात्राही मांजराला मारक ठरते: मेथहिमोग्लोबिन वाढते, लाल पेशी फुटतात. आयबुप्रोफेन कुत्रा आणि मांजर दोघांनाही घातक आहे. कुत्र्यांच्या पिसवांसाठीचे पर्मेथ्रिन मांजराला लावू नये. भयावर खरोखर काम करणारी औषधे आहेत; फ्लुऑक्सेटिन आणि क्लोमिप्रामिन विरहाच्या विकारात पशुवैद्य वापरतात आणि आपल्या ओळखीचीच आहेत. परंतु मात्रा, निवड आणि वेळ पशुवैद्यांची. नुसती गुंगी आणणाऱ्या गोळीने शरीर सुस्त होते, भय तसेच राहते. म्हणून ‘दिवाळीपुरती झोपेची गोळी’ आपल्या मनाने देऊ नये.

घरचा ताण कोणाचा?

स्वीडनच्या लिंशपिंग विद्यापीठाने २०१९ मध्ये ५८ कुत्री व त्यांचे मालक यांच्या केसांतील कॉर्टिसोल मोजले. मालकाचा दीर्घकालीन ताण आणि कुत्र्याचा ताण यांचे आलेख एकमेकांशी जुळत होते, आणि दिशा बहुधा माणसाकडून कुत्र्याकडे असावी, असे संशोधकांचे मत पडले. २०२२ मध्ये बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात कुत्र्यांनी माणसाच्या घामाच्या व श्वासाच्या वासावरून ताणाचा नमुना ९० टक्क्यांहून अधिक वेळा अचूक ओळखला. आपण रात्री उशिरा दवाखान्यातून काय घेऊन घरी येतो, हे बायकोमुलांना सांगावे लागते. कुत्र्याला ते दारातच कळलेले असते. म्हणून घरातील कुत्रे किंवा मांजर विनाकारण अस्वस्थ दिसू लागले, तर त्या घरातील माणसांची झोप, परीक्षांचे दिवस, कडाक्याची भांडणे यांचीही चौकशी करावी. मुलांच्या पोटदुखीत आपण तेच करतो.

घरासाठी काही साधे नियम

१. कुत्रा खात असता, झोपला असता किंवा आपल्या जागेवर असता मुलांनी त्याला हात लावू नये. ती जागा त्याची, तेथे कोणी जायचे नाही.

२. पाच-सहा वर्षांखालील मूल आणि कुत्रा एका खोलीत एकटे ठेवू नये, मग तो कितीही गरीब असो. मोठे माणूस म्हणजे खोलीत असणारे, दूरध्वनीत डोके घातलेले नव्हे.

३. मिठी मारणे हे माणसाचे प्रेम आहे. बऱ्याच कुत्र्यांना ते जखडल्यासारखे वाटते. कुत्र्याला मुलाकडे येऊ द्यावे, छातीवर व खांद्यावर दोन-तीन वेळा हात फिरवून थांबावे. तो पुन्हा जवळ आला तर त्याची संमती आहे, तोंड फिरविले तर नाही.

४. जेवण, फेरफटका आणि झोप यांच्या वेळा शक्यतो ठरलेल्या असाव्यात. फेरफटक्यात त्याला मनसोक्त हुंगू द्यावे. ते त्याचे वर्तमानपत्र आहे.

५. घरात बाळ येणार असेल, घर बदलणार असेल, तर कुत्र्याची नवी जागा व नवे वेळापत्रक दोन-तीन महिने आधीच हळूहळू लावावे.

६. रेबीजची लस दरवर्षी, न चुकता. मुलाला ओरखडा जरी आला, तरी पंधरा मिनिटे साबण-पाणी आणि त्याच दिवशी डॉक्टर.

शेवटी

होळकरांचे कुलदैवत खंडोबा, आणि त्याच्या पायाशी कुत्रा असतो. दत्तात्रेयांभोवती चार कुत्री आहेत. बंगालात मुलांचे रक्षण करणारी षष्ठीदेवी मांजरावर बसून येते. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपण सर्वांनी आजीकडून ऐकली आहे. कोरडी भाकरी त्याच्या घशाखाली कशी उतरेल, असा प्रश्न नामदेवांना पडला, कारण त्यांनी त्या जिवाच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले. आपल्या परंपरेत ही दृष्टी आहे. आजच्या शास्त्राने तिला फक्त कॉर्टिसोलचे आकडे जोडले.

आपल्या संस्थेतील सर्व डॉक्टर बंधुभगिनींना एक विनंती करावीशी वाटते. लहान मुलांची हिस्टरी घेताना कुटुंबाच्या रकान्यात एक प्रश्न वाढवावा: ‘घरी कुत्रे किंवा मांजर आहे का, आणि ते सध्या नीट खाते-झोपते का?’ अर्ध्या मिनिटाचा हा प्रश्न आहे. त्याच्या उत्तरात कधी एखाद्या मुलाच्या दम्याचा धागा मिळेल, कधी त्या घरातल्या न बोललेल्या कलहाचा, आणि कधी एखाद्या गालावरचा चावा आधीच टळेल. उत्तर ‘तो हल्ली नेहमीसारखा नाही, डॉक्टर’ असे आले, तर पुढे काय विचारायचे, हे आपल्याला ठाऊकच आहे.